पहिला महिना बोटीचा, सुट्टी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे साउथॅम्प्टनजवळ राहतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी ३१ फुटी जुनी यॉट घेतली, हॅम्बल नदीच्या तोंडापर्यंत दोन-तीनदा जाऊन आले आणि ऑक्टोबरात बोट यार्डात काढून ठेवली. आता एप्रिलअखेर ती पाण्यात उतरणार. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या शाळेला सुट्टी आहे, रत्नागिरीहून आई-वडील आलेले असतील, आणि बँक हॉलिडेला, म्हणजे त्या सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला धरून, सगळ्यांनी मिळून शेरबूरला, म्हणजे फ्रान्सला जायचा बेत आहे. डे स्किपरचा, म्हणजे दिवसा छोटी यॉट चालवण्याचा, कोर्स झालेला आहे. विचारलंय ते एवढंच: हंगाम सुरू करण्यापूर्वी काय काय तपासायचं, त्याची यादी द्याल का?

यादी कुठेही मिळेल, आणि ती वाईटही नसेल. मी अडलो ते दुसऱ्याच ठिकाणी. बोट तुम्हाला नवी. सहा महिने उभ्या राहिलेल्या बोटीची यंत्रणाही नव्यासारखीच धरायची. मे महिन्यातलं पाणी तुम्ही पाहिलेलं नाही, घरचे लोक बोटीवर चढलेले नाहीत, आणि इंग्लिश खाडी तर तुम्ही ओलांडलेलीच नाही. या पाचही गोष्टी एकाच शनिवारी एकत्र आणायच्या असं ठरलंय. त्यात काही बिघडलं तर नेमकं काय बिघडलं, हे ओळखायलाही उसंत मिळत नाही. मी हॅम्बलवर शिकवतो आणि लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवतो. दर वसंतात, बोट कुणाचीही असो, मी एका फेरीत एकच गोष्ट नवी ठेवतो. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहितोय.

काही गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत. तुमच्या इंजिनाला सरळ शाफ्ट आहे की सेलड्राइव्ह (बोटीच्या तळातून थेट खाली उतरणारा प्रोपेलरचा पाय), रिगिंगच्या तारा किती वर्षांच्या आहेत, बोट नदीत मुरिंगवर (तळाला रोवलेल्या साखळीला बांधून) राहणार की मरीनात, आणि तुमच्या पत्नीला शिडाची किती सवय आहे, यावर बरंच अवलंबून आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

बोट टेकूंवर उभी आहे तोवर पाण्याखालचं सगळं बघून घ्या, नंतर त्यासाठी पुन्हा हॉइस्टचे, म्हणजे बोट उचलणाऱ्या क्रेनचे, पैसे मोजावे लागतात. एप्रिलमध्ये यार्डात फेरी मारलीत तर बहुतेक मालक अँटीफाउलिंगचा रंग फासताना दिसतील. तो लागतोच, नाहीतर जुलैपर्यंत तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात आणि बोटीचा वेग पडतो. पण रंग राहिला म्हणून कुणाची बोट बुडत नाही. तळाला जी भोकं असतात त्यांच्याकडे बघा: इंजिनासाठी थंड पाणी आत घेणारं, संडासाची दोन, सिंकचं, काही बोटींत कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी. प्रत्येकावर एक सीकॉक, म्हणजे पाणी बंद करायची चावी, असतो. एकेक हाताने उघडून-मिटून बघा. हलत नसेल तर हातोडा घेऊ नका, यार्डातल्या माणसाला बोलवा. मग धातू तपासा. साधं पितळ खाऱ्या पाण्यात आपल्यातलं जस्त गमावत जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. चाकूच्या टोकाने थोडं खरवडा: पिवळा चकचकीत धातू दिसला तर ठीक, गुलाबीसर दिसला तर तो भाग बदला, मग तो बाहेरून कितीही धडधाकट वाटो. कांस्याचे सीकॉक हा त्रास देत नाहीत. होजच्या क्लिपा दोन-दोन हव्यात आणि गंजलेल्या नकोत. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाचं, त्या भोकाच्या मापाचं बूच दोरीने बांधून ठेवा. ड्रॉवरमध्ये ठेवलेलं बूच अंधारात, गुडघाभर पाण्यात सापडत नाही.

जस्ताचे अ‍ॅनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, निम्मे झिजले असतील तर नवे लावा, आणि त्यांना रंग लावू नका. दरवर्षी कुणीतरी लावतंच. सेलड्राइव्ह असेल तर इंजिनाखालच्या मोठ्या रबरी पडद्याचं वय काढा. व्होल्वो पेंटा तो ७ वर्षांनी बदलायला सांगते, आणि जुनी बोट विकणाऱ्यांना त्याची तारीख सहसा आठवत नाही. शाफ्ट असेल तर प्रोपेलर हाताने धरून वर-खाली हलवा. थोडीशी हालचाल चालते, खडखडाट नको.

डोलकाठीच्या तारांना मी कापूस लावून बघतो. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. एखादा तंतू तुटलेला असेल तर कापूस त्यात अडकतो. खालच्या टोकांकडे जास्त लक्ष द्या, तिथे पावसाचं पाणी साचतं आणि भेगा तिथूनच पडतात. तारा १० वर्षांहून जुन्या असतील तर बऱ्याच विमा कंपन्या रिगरकडून, म्हणजे डोलकाठी-तारांच्या कारागिराकडून, तपासणी मागतात. पॉलिसी बाहेर काढलीच आहे तर बोट कोणत्या तारखेपासून पाण्यात ठेवायला परवानगी आहे आणि कोणत्या हद्दीत न्यायला, हेही वाचून घ्या. ब्रिटनमधल्या कित्येक पॉलिसींमध्ये 'ब्रेस्ट ते एल्ब' (फ्रान्समधल्या ब्रेस्टपासून जर्मनीतल्या एल्ब नदीपर्यंत) अशी हद्द असते, म्हणजे शेरबूर त्यात बसतं. पण काही स्वस्त पॉलिसी फक्त ब्रिटनच्या किनाऱ्यापुरत्याच असतात.

बोट उतरवायच्या दिवशी एकच आग्रह धरा. बोट पाण्यात टेकली तरी हॉइस्टचे पट्टे लगेच सोडू देऊ नका. आधी आत उतरा, फरशीच्या फळ्या उचला, एकेक सीकॉक उघडा आणि टॉर्च लावून प्रत्येक जोड कोरडा आहे ना ते बघा. यार्डवाल्यांना घाई असते, मागे पुढची बोट उभी असते. तरी पाच मिनिटं मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. शाफ्टला व्होल्वोचं रबरी सील असेल तर ते चिमटीत दाबून आतली हवा काढावी लागते. पाण्याचे थेंब आले की हवा गेली असं समजा. हे विसरलं तर सील कोरडं फिरतं आणि जळतं. मग इंजिन सुरू करा आणि धावत मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघा. हिवाळ्यात पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी चाक) काढून ठेवण्याची पद्धत आहे, आणि काढून ठेवलेली वस्तू परत बसवायची राहून जाण्याचीही. पाणी दिसलं नाही तर ताबडतोब बंद करा.

इथून इंजिनाकडे वळतो, कारण मे महिन्यात सोलेंटमध्ये, म्हणजे इथला किनारा आणि आइल ऑफ वाइट बेट यांच्यामधल्या पाण्यात, टो करून आणल्या जाणाऱ्या बोटींचं दुखणं पुष्कळदा डिझेलमध्ये असतं. हिवाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर धरते आणि पाणी होऊन तळाला जातं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या पातळीवर सूक्ष्म जीव वाढतात आणि काळा चिकट गाळ तयार होतो. मरीनात बांधलेल्या बोटीत तो रांजणातल्या गाळासारखा तळाशी निवांत पडून असतो, इंजिन तासभर छान चालतं, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मग तुम्ही सोलेंटच्या पश्चिम तोंडाशी, हर्स्टच्या अरुंद वाटेवर जाता, बोट पहिल्यांदा नीट आपटते, गाळ ढवळला जातो, फिल्टर तुंबतो, आणि जिथे इंजिन सर्वांत जास्त हवं तिथेच ते बंद पडतं. हा योगायोग मानू नका. गाळ ढवळणाऱ्या लाटा असतातच त्या जागी.

म्हणून बोट उतरवण्याआधीच पहिल्या फिल्टरच्या तळाची चावी सोडून थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर टाकी साफ करून घ्यायचे पैसे खर्च करा, नुसतं औषध ओतून भागवू नका. दिसले नाहीत तरी दोन जादा फिल्टर बोटीवर ठेवा, आणि फिल्टर बदलून इंधनातली हवा कशी काढायची ते धक्क्याला बांधलेल्या बोटीत एकदा स्वतःच्या हाताने करा. इंजिनावर नदीतून जाताना मेनसेलचं, म्हणजे मुख्य शिडाचं, कव्हर काढलेलं आणि नांगर सोडायला तयार असू द्या. इंजिन थांबलं तर तुमच्याकडे या दोनच गोष्टी असतात.

बॅटरी, गॅस आणि दिवे यांवर थोडक्यात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून रात्रभर ठेवल्यावर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळात साचतो, म्हणून रबरी नळीवरची तारीख बघा आणि ५ वर्षं उलटली असतील तर बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीसकट हवा. फ्लेअर्सवरही (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्यांवरही) तारीख असते. जुने घरच्या कचऱ्यात टाकू नका, आणि गंमत म्हणून उडवू तर अजिबात नका.

लाइफजॅकेटवर मात्र वेळ द्या. एप्रिलअखेर सोलेंटचं पाणी दहा-अकरा अंशांच्या आसपास असतं. सतरा-अठरापर्यंत पोचायला ऑगस्ट उजाडतो. बाहेर लख्ख ऊन, लोक टी-शर्टमध्ये, आणि पाणी हिवाळ्याचं. कोकणात पोहायला शिकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. पंधरा अंशांखालच्या पाण्यात माणूस पडला की पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपोआप ओढला जातो, हवा असो वा नसो. उत्तम पोहणाराही त्यात पाणी गिळतो. पुढच्या दहाएक मिनिटांत हातातली ताकद जाते, शिडी धरता येत नाही. इथली लाइफबोट संस्था, आरएनएलआय, म्हणूनच सांगते की पडलात तर आधी पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात आला की मग हातपाय हलवा.

प्रत्येक लाइफजॅकेट उघडा. गॅसचं नळकांडं काढून तोला. त्यावर वजन छापलेलं असतं. मग ते हाताने घट्ट आवळा, कारण हिवाळ्यात ही नळकांडी सैल होतात आणि सैल नळकांड्याने जॅकेट फुगत नाही. आपोआप फुगवणाऱ्या भागावरची तारीख बघा. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर दिवाणखान्यात ठेवा, सकाळी मऊ पडलं असेल तर कामाचं नाही. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर विकत घ्या. त्याशिवाय पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि डोकं खाली राहतं. मुलांची जॅकेटं वजनाप्रमाणे घ्यायची, दोन वर्षांनी मापात येईल असं बघून नाही.

आता कुटुंबाच्या बोटीवर मी नेहमी विचारतो तो प्रश्न: पाण्यात तुम्हीच पडलात तर? बोट चालवता येणारा माणूस एकच, आणि नेमका तोच पाण्यात. मागे पत्नी, दोन मुलं, शिडं वर, बोट पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैलांनी) पुढे चाललेली. पहिल्याच आठवड्यात, शांत हवेत, तुमची पत्नी सुकाणूवर आणि तुम्ही तोंड बंद करून कोपऱ्यात, असा एक सराव करा. फेंडरला (बोटीच्या कडेला टांगायच्या रबरी फुग्याला) बादली बांधून पाण्यात टाका. एका मुलाचं काम फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहणं. पत्नीने बोट वाऱ्यात वळवून थांबवायची, इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात दोरी लोंबत नाही ना बघायचं, आणि रेडिओवरचं लाल झाकण उघडून आतलं संकटाच्या इशाऱ्याचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं असतं एवढं तिला माहीत हवं (सरावात दाबायचं नाही, हे मुलांना आधी सांगा). मग चॅनल १६ वर, म्हणजे संकटाची हाक द्यायच्या चॅनलवर, काय बोलायचं ते रेडिओशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवा: बोटीचं नाव, जागा, किती माणसं, काय झालं. वाक्यं इंग्रजीच, फक्त लिपी आपली, म्हणजे आजीलाही वाचता येईल. सगळ्यांत अवघड असतं माणसाला वर घेणं. भिजलेला, गारठलेला मोठा माणूस दोघांनाही उचलत नाही. हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) आणि विंच (दोरी आवळायची चरखी) लावूनच तो वर येतो. ते कसं लावायचं ते दोघांनी करून बघा. हा सराव नीट जमेपर्यंत मी कुणाच्याही मुलांना बोटीवर घेऊन नदीबाहेर पडत नाही. रेडिओची तपासणी चॅनल १६ वर करू नका. किनाऱ्यावरच्या नॅशनल कोस्टवॉचच्या चौक्या चॅनल ६५ वर उत्तर देतात.

इथवरचा क्रम असा झाला: टेकूंवर भोकं आणि तारा, पट्ट्यांत लटकलेली असताना गळती, धक्क्याला बांधून इंजिन गिअरमध्ये घालून अर्धा-पाऊण तास, मग नदीतल्या नदीत इंजिनावर एक फेरी, आणि सराव. शिडं मी धक्क्यालाच, सकाळी वारा नसताना एकदा वर चढवून बघतो. हिवाळ्यानंतर रीफच्या, म्हणजे शीड आखडून लहान करायच्या, दोऱ्या चुकीच्या ओवलेल्या असतात हे इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पहिल्या खऱ्या फेरीला धक्क्यावरच एक रीफ घालून निघा. फार हळू वाटलं तर सोडता येतो.

आता पाणी. तुमच्या वडिलांकडे कालनिर्णय असेल तर ते तुमच्या फार उपयोगाला येणार आहेत. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी आणि भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, अष्टमीनंतर, हे इथेही तसंच चालतं. चंद्र तोच आहे. सोलेंटची खुबी अशी की उधाणाच्या दिवसांत शेजारच्या पोर्ट्समथ बंदराची भरती घड्याळात नेहमी साधारण एकाच वेळी येते: दुपारी आणि मध्यरात्री, उन्हाळी वेळेप्रमाणे एकच्या आगेमागे. पाण्याचा ओढा पश्चिमेकडे वळतो तो त्या भरतीच्या सुमारे तासभर आधी, आणि पुढे पाचेक तास पश्चिमेकडेच राहतो. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी बारा ते पाच-साडेपाच पाणी पश्चिमेकडे धावतंय. आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी, समुद्रावरून खारा वारा नैऋत्येकडून येतो. पाणी एकीकडे, वारा उलटीकडे. हर्स्टपाशी उधाणाचा ओढा चार नॉटच्याही वर जातो, तुमची बोट पाच नॉटने चालते, आणि लाटा आखूड आणि उभ्या होतात. वर ऊन असतं, अंदाजात (ब्यूफोर्ट मापाने) चारचाच वारा सांगितलेला असतो, आणि घरचे लोक पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाहीत अशी दुपार होते.

भांगाच्या दिवसांत हेच गणित तुमच्या बाजूने फिरतं. भरती सकाळी सात-आठला, म्हणजे पश्चिमेचा ओढा सकाळी सहा-सातपासून दुपारी बाराच्या आसपासपर्यंत, आणि तोही निम्म्या जोराचा. सकाळी वारा कमी असताना हॅम्बलहून आइल ऑफ वाइटवरच्या यारमथकडे निघा, पाणी तुम्हाला नेतं. अंतर पंधराएक सागरी मैल. तिथे जेवा. दुपारी पाणी पूर्वेला वळतं, खारा वारा पाठीवर येतो, आणि परतीचा प्रवास असा होतो की मुलं विचारतात पुन्हा कधी जायचं. त्यामुळे मे महिन्यातल्या पहिल्या फेऱ्यांसाठी मी शनिवार-रविवार बघण्याआधी तिथी बघतो. तारखा जुळल्या नाहीत तर कामावर एक दिवस रजा टाका. नेमक्या वेळा अर्थात भरतीच्या कोष्टकातून काढायच्या, माझ्या ढोबळ आकड्यांवरून नाही.

साउथॅम्प्टनच्या पाण्याची आणखी एक तऱ्हा आहे. इथे भरती दुहेरी येते, पाणी वर बराच वेळ थांबतं, आणि मग ओहोटी थोड्या वेळात भराभर उतरते. ओहोटीत तळ लागला तर विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. सोलेंटच्या मधोमध असलेली ब्रॅम्बल बँक नावाची वाळूची पुळण नकाशावर आधीच रंगवून ठेवा. ११ नोव्हेंबर २००८ला 'क्वीन एलिझाबेथ २' हे अजस्र जहाज तिच्यावर रुतलं होतं, तेही साउथॅम्प्टनला शेवटच्या खेपेला येताना. वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीला पुळण उघडी पडली की हॅम्बलचा रॉयल सदर्न यॉट क्लब आणि आइल ऑफ वाइटवरच्या काउझचा आयलंड सेलिंग क्लब तिच्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. पाणी परत येईपर्यंतच खेळायचं, आणि कोण जिंकणार हे पाळीपाळीने आधीच ठरलेलं. मुलांना हा सामना दाखवा, पण बोट लांब उभी करून.

या पुळणीला वळसा घालूनच मोठी कंटेनर जहाजं आणि क्रूझ जहाजं आत येतात, आणि त्यांना थांबता येत नाही. १५० मीटरहून लांब जहाजाच्या पुढे १,००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर, एवढ्या पट्ट्यात आपण जायचंच नाही, असा इथला नियम आहे. शिडावर असलेल्याला आधी वाट, हे इथे विसरा. साउथॅम्प्टनची वाहतूक चॅनल १२ वर ऐकत राहिलात तर कोणतं जहाज कधी वळणार ते आधी कळतं.

हवामानासाठी मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, किनाऱ्याजवळचा अंदाज घ्या. तुमचा पट्टा 'सेल्सी बिल ते लाइम रीजिस'. घरच्यांना घेऊन असताना मी चारच्या वर जात नाही, आणि अंदाजात 'पाच, अधूनमधून सहा' असेल तर त्यातला सहा हाच आकडा खरा मानतो. मे महिन्यात धुकंही असतं: नैऋत्येची उबदार दमट हवा गार पाण्यावरून आली की सकाळ पांढरी होते. मागे ऊन पडलंय म्हणून पुढेही असेल असं नसतं.

शेरबूर. आइल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून सुमारे ६० सागरी मैल, म्हणजे हॅम्बलपासून धरलं तर पाच नॉटने पंधरा-सोळा तास. त्यात इंग्लिश खाडीतलं पाणी तुमच्या वाटेला आडवं, साधारण सहा तास पूर्वेला आणि सहा तास पश्चिमेला वाहतं, त्यामुळे नकाशावरच्या रेघेला चिकटून राहायचं नसतं. सगळ्या तासांची बेरीज-वजाबाकी करून एकच दिशा धरायची आणि बोट बाजूला सरकताना दिसली तरी घाबरायचं नाही. मध्ये जहाजांची रांग तुमच्या वाटेला काटकोनात जाते. निघताना किंवा पोचताना अंधार लागण्याची शक्यता मोठी. माझ्या हिशेबात रात्रीचं चालवणं हीच एक नवी गोष्ट आहे आणि तिला स्वतंत्र फेरी हवी, उदाहरणार्थ रात्रीच्या अंधारात काउझहून परत हॅम्बल. जूनच्या अखेरीस इथे सूर्य सव्वानवानंतर मावळतो. शेरबूर तेव्हा करा, एखाद्या अनुभवी मित्राला बरोबर घेऊन, मुलांशिवाय. पुढच्या वर्षी मुलांसकट.

कागदांचं तर तुमच्या प्रश्नात काहीच नव्हतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून निघताना आणि परत येताना दोन्ही वेळा बॉर्डर फोर्सला प्रवासाची माहिती आधी ऑनलाइन द्यावी लागते, निदान दोन तास अगोदर. फ्रान्समध्ये शिरताना ठरावीक प्रवेशबंदरातच पासपोर्टची तपासणी करून घ्यायची. शेरबूर तसं बंदर आहे. बोटीची मूळ नोंदणी, विमा आणि रेडिओचा परवाना जवळ हवा. तुमचे पासपोर्ट कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. भारतीय असतील तर ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याचा हक्क असला तरी फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतोच. आई-वडील ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांनाही तो वेगळा काढावा लागेल, आणि परत येताना त्यांची इमिग्रेशनची तपासणी होईल अशी सोय आधी करावी लागेल. एवढ्या कारणानेही मी त्यांना या फेरीत धरणार नाही.

मग बँक हॉलिडेला काय करायचं? यारमथला जा. तुम्ही दोघं आणि मुलं सकाळच्या पाण्याने बोट घेऊन निघा. आई-वडिलांना समोरच्या किनाऱ्यावरच्या लिमिंग्टनहून फेरीबोटीने पाठवा. चाळीस मिनिटांत ती त्यांना थेट यारमथला, बंदराशेजारी आणून सोडते. पोचल्यावर हवा चांगली असेल तर सगळ्यांना घेऊन न्यूटाउनच्या खाडीपर्यंत जाऊन या, नसेल तर बोट बांधलेली राहू द्या आणि डेकवर चहा घ्या. परतीच्या दिवशी वारा वाढला तर मुलंही आजी-आजोबांबरोबर फेरीबोटीने परत येऊ शकतात, आणि तुम्ही दोघं निवांत थांबून दुसऱ्या दिवशी बोट आणू शकता. ही सुटका असणं मी फार महत्त्वाचं मानतो, कारण सोमवारी कामावर जायचंय म्हणून नको त्या हवेत निघालेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. खाण्याला तिखटमीठाच्या पुऱ्या आणि आलेपाक न्या. आलं बोट लागण्यावर बऱ्याच जणांना मानवतं, आणि लाटांत गॅसवर काही शिजवायची वेळ येत नाही. वडिलांना कॅप, हातमोजे आणि जाड जाकीट द्या, मे महिना असला तरी.

यारमथचं बंदर बँक हॉलिडेला भरून जातं, तेव्हा जागा आत्ताच सांगून ठेवा. आणि डिझेलची बरणी या आठवड्यातच भरून बघा. टाकी साफ करणारे लोक एप्रिलच्या शेवटी मिळत नाहीत.